विनामूल्य पाठ आणि मराठी वाक्य : नेटवर्किंग व लिनक्स यांच्या प्राथमिक परीक्षांच्या अध्ययनसाहित्याचे एक परीक्षण

एखाद्या शास्त्रीय विषयाच्या पाठ्यसाहित्याचे परीक्षण त्या शास्त्राच्या जाणकाराने करावे, भाषेच्या अभ्यासकाने त्यात पडू नये, असा संकेत आपल्याकडे रूढ आहे. प्रस्तुत लेखात तो मोडला आहे. तेव्हा त्याचे कारण प्रारंभीच सांगितले पाहिजे. संगणकांची परस्पर जोडणी, म्हणजे ज्यास सर्वत्र नेटवर्किंग म्हणतात ती विद्या, आणि लिनक्स ही संगणकप्रणाली, या दोन विषयांच्या प्राथमिक प्रमाणपत्र-परीक्षांसाठी आज विपुल अध्ययनसाहित्य विनामूल्य मिळते. ते अचूक आहे किंवा कसे, याचा निवाडा तज्ज्ञ करतात आणि तो त्यांनीच करावा. परंतु हे साहित्य शिकणाऱ्याशी कोणत्या प्रकारच्या वाक्यात बोलते, आणि त्या वाक्यातून मराठी शाळेतून आलेल्या मुलाच्या मनात नेमके काय उतरते, हा प्रश्न तज्ज्ञांच्या कक्षेत सहसा येत नाही. तो आमच्या कक्षेतील आहे.

मुंबईच्या उपनगरांना या विद्येचा परिचय आजचा नव्हे. जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था या दोन्ही संस्था १९८६ साली आरंभ झालेल्या ‘अर्नेट’ या शैक्षणिक संगणकजालाच्या मूळ सहभागी संस्थांपैकी होत. अंधेरीचे सीप्झ १९७३ सालचे. त्याच्या आसपास, आणि पुढे मालाड, पवई व विक्रोळी येथे संगणकावर चालणाऱ्या कचेऱ्यांची दाटी होत गेली. या कचेऱ्यांत केबल ओढणारा, स्विचच्या कपाटासमोर रात्रपाळी करणारा, कोणाचा संगणक ‘नेटला लागत नाही’ म्हणून जिने चढणारा जो मनुष्य असतो, त्याच्या नोकरीची पहिली पायरी म्हणजे हे प्रमाणपत्र. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड यांपैकी कोणत्याही स्थानकाबाहेर ‘हार्डवेअर-नेटवर्किंग’च्या क्लासच्या पाट्या दिसतात. ज्यास त्या क्लासची फी परवडत नाही, तो अभ्यासिकेत बसून किंवा घरी मोबाईलच्या पडद्यावर विनामूल्य पाठ पाहतो. आमचे परीक्षण त्याच्या बाजूने आहे.

प्रथम परीक्षांचे स्वरूप पाहू. लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूट या १९९९ साली स्थापन झालेल्या संस्थेची ‘लिनक्स एसेन्शियल्स’ ही परीक्षा सर्वांत सोपी होय : ४० प्रश्न, ६० मिनिटे, आणि मिळालेले प्रमाणपत्र आजन्म वैध. त्याच संस्थेच्या पुढल्या पायरीस दोन स्वतंत्र परीक्षा द्याव्या लागतात; प्रत्येकीत ६० प्रश्न व ९० मिनिटे, आणि प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षे. नेटवर्किंगच्या बाजूस कॉम्पटिया संस्थेची ‘नेटवर्क प्लस’ आणि सिस्को कंपनीची ‘सीसीएनए’ या दोन परीक्षा अधिक परिचित आहेत. यांपैकी कोणतीही परीक्षा मराठीत होत नाही. सीसीएनएचे शुल्क ३०० डॉलर व वर कर. अध्ययन विनामूल्य आणि परीक्षा मात्र एका नवख्याच्या महिन्याच्या पगाराएवढी, ही विसंगती उघडच आहे. तिच्यावर अधिक लिहून ती कमी होणार नाही.

आता साहित्य. इंग्रजीतील साहित्यात दर्जेदार असे पुष्कळ आहे, हे निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे. ‘प्रोफेसर मेसर’ या नावाने ओळखली जाणारी नेटवर्क प्लसची पाठमाला परीक्षेच्या छापील उद्दिष्टांच्या क्रमाने जाते. छोटे छोटे पाठ, स्वच्छ उच्चार, अनावश्यक विनोद नाही. तिचा गुण तोच तिचा दोष होय. उद्दिष्टांची यादी ही परीक्षकाच्या सोयीसाठी केलेली असते. शिकणाऱ्याच्या मनात विषय ज्या क्रमाने उलगडावा तो क्रम निराळा असतो. यादीच्या मागे जाणारा पाठ प्रत्येक संज्ञेची व्याख्या देतो, पण एका संज्ञेतून दुसरी का निघाली हे सांगण्यास त्यास उसंत मिळत नाही. सीसीएनएसाठी ‘जेरेमीज आयटी लॅब’ ही माला या दृष्टीने अधिक सावकाश चालते आणि प्रत्येक पाठामागे ‘पॅकेट ट्रेसर’ या सिस्कोच्याच विनामूल्य साधनावर करावयाचा प्रयोग जोडते. हे साधन म्हणजे पडद्यावरची प्रयोगशाळाच होय. राउटर विकत न घेता राउटर जोडता येतो, बिघडविता येतो व पुन्हा सुधारता येतो. गरीब विद्यार्थ्यास याहून मोठी देणगी या क्षेत्रात क्वचितच मिळाली असेल.

लिनक्सच्या बाजूस विल्यम शॉट्स यांचे ‘द लिनक्स कमांड लाइन’ हे पुस्तक संपूर्ण विनामूल्य उतरवून घेता येते. गद्य म्हणून पाहता या सर्व साहित्यात त्यास अग्रस्थान द्यावे लागेल. लेखक आज्ञा सांगण्यापूर्वी तिची गरज निर्माण करतो. वाचकास प्रथम अडचणीत नेतो आणि मग हात देतो. लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटने स्वतः प्रसिद्ध केलेले धडे रुक्ष आहेत, परंतु प्रत्येक धड्याशेवटी दोन प्रकारचे अभ्यास दिले आहेत : एक, शिकविलेल्याची उजळणी; आणि दुसरा, न शिकविलेल्याचा शोध. दोहोंची उत्तरेही दिली आहेत. हा दुसरा प्रकार आपल्या क्रमिक पुस्तकांच्या कर्त्यांनी डोळ्यांखालून घालण्यासारखा आहे. लिनक्स फाउंडेशनचा प्रास्ताविक अभ्यासक्रम ‘एडएक्स’वर २०१४ पासून चालू आहे, तो व्यवस्थित आहे, याहून अधिक त्याविषयी लिहिण्याची आवश्यकता वाटत नाही.

‘विनामूल्य’ या सदरात आणखी एक प्रकार येतो; त्याचा उल्लेख टाळणे योग्य होणार नाही. परीक्षेत येऊन गेलेले प्रश्न चोरून जमविलेले संच सर्वत्र फिरत असतात, आणि महाराष्ट्रातील विद्यार्थ्यास ‘अपेक्षित प्रश्नसंचा’ची सवय लहानपणापासून असल्यामुळे त्यास यात काही गैर आहे असे वाटतही नाही. परीक्षा घेणाऱ्या संस्था हे संच निषिद्ध मानतात व पकडल्यास प्रमाणपत्र रद्द करतात, हा झाला नियमाचा भाग. त्याहून मोठी हानी अशी की, असे संच पाठ करून उत्तीर्ण झालेला तरुण पहिल्याच रात्रपाळीत उघडा पडतो. बंद पडलेला स्विच चार पर्याय देत नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, आणि तो करण्यास आपली भाषा इंग्रजीहून अधिक समर्थ आहे. ज्या एका इंग्रजी शब्दाने मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत पहिल्या दिवसापासून घोळ घातला, त्यासाठी मराठीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. वर उल्लेखिलेले साहित्य मोफत आहे. मुक्त ते सर्व नाही. प्रोफेसर मेसरची माला पाहावयास मोफत, पण तिचे हक्क राखीव. शॉट्स यांचे पुस्तक आणि लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटचे धडे ज्या परवान्याखाली आहेत त्यात मूळ कृतीत बदल करून ती प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. आणि भाषांतर हाही कायद्याच्या दृष्टीने बदलच होय. म्हणजे या पुस्तकाचे उत्तम मराठी भाषांतर एखाद्याने उद्या घरी बसून केले, तरी परवानगीवाचून ते त्यास छापता येणार नाही. मराठी भाषेच्या दृष्टीने पाहता मोफत वस्तू ही पाहुण्याने आणलेल्या मिठाईसारखी आहे : खावी, आभार मानावेत. मुक्त वस्तू ही बियाण्यासारखी आहे. पवईच्या प्रयत्नाचे महत्त्व येथे सुरू होते.

‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली, केंद्र शासनाच्या माहिती व संचार तंत्रज्ञानविषयक शैक्षणिक मोहिमेच्या साहाय्याने उभा राहिला. मोहीम २००९ सालची. सुमारे दहा मिनिटांचा एक पाठ. पडद्यावर संगणकाचे काम प्रत्यक्ष चालू असते आणि आवाज ते समजावून सांगत असतो. शिकणाऱ्याने अर्ध्या पडद्यावर पाठ ठेवावा, अर्ध्यावर स्वतःचे काम. पाठ थांबवावा, आपण तीच आज्ञा द्यावी, तोच परिणाम दिसला म्हणजे पुढे जावे. पाठाची संहिता आधी लिहिली जाते आणि ती तज्ज्ञाबरोबरच एखाद्या अगदी नवख्याकडूनही तपासली जाते. ही दुसरी तपासणी आम्हांस विशेष उल्लेखनीय वाटते. मराठीतील किती शास्त्रीय पुस्तके छापण्यापूर्वी एखाद्या अनभिज्ञ वाचकाच्या हाती दिली गेली असतील, याचा विचार करावा! मूळ पाठ इंग्रजीत. त्यावरून मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज चढविलेला. परवाना असा की नाव सांगून आणि त्याच अटीवर कोणीही तो वापरावा, बदलावा, वाटावा.

यातील लिनक्सची मालिका प्रस्तुत लेखकाने मराठीतून अनुक्रमे ऐकली, व ऐकताना दोन वह्या जवळ ठेवल्या : एकीत आज्ञा, दुसरीत वाक्ये. पहिली वही भरली ती समाधानाने. फाइलींची रचना, परवानग्या, एका आज्ञेचे फलित दुसरीच्या हाती देणे, ‘ग्रेप’ने मजकूर शोधणे, ‘सेड’ व ‘ऑक’ यांनी तो घडविणे, असा क्रम आहे. तो प्राथमिक परीक्षेस पुरून उरणारा आहे. यातील बरेच पाठ २०१० च्या आसपासच्या उबुंटूवर ध्वनिमुद्रित झालेले आहेत, आणि त्यांवर कालबाह्यतेचा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा. ‘ग्रेप’ १९७३ पासून आहे; ‘सीएचमॉड’ त्याहून जुनी. त्यांस अर्ध्या शतकात वार्धक्य आले नाही. वार्धक्य आले ते सेवा चालू-बंद करण्याच्या रीतीस, कारण उबुंटूने २०१५ मध्ये ‘सिस्टमडी’चा स्वीकार केला, आणि नेटवर्कची स्थिती दाखविणाऱ्या ‘इफकॉन्फिग’ या आज्ञेस, कारण तिची जागा ‘आयपी’ या आज्ञेने घेतली. परीक्षार्थीने हे दोन विषय अन्यत्र पाहावेत. बाकीचे निर्धास्तपणे येथे शिकावेत.

दुसऱ्या वहीची कथा निराळी आहे. मराठी आवाज इंग्रजी पाठाच्या चित्रावर चढविलेला असल्यामुळे त्यास त्या चित्राच्या वेळेत बसावे लागते. कोणत्या मिनिटास व कोणत्या सेकंदास काय बोलावयाचे हे ठरलेले. बोटे इंग्रजी निवेदकाची हलत असतात, आणि मराठी वाक्याने त्यांच्या मागे धावावयाचे असते. मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येते. पडद्यावर मात्र क्रिया आधी घडून जाते. परिणामी वाक्य तुटक होते, जोडशब्द गळतात, ‘म्हणून’, ‘तरीसुद्धा’, ‘अन्यथा’ या ज्या लहान शब्दांवर विचाराचे सांधे उभे असतात ते वेळेअभावी टाळले जातात, आणि उरते ती सूचनांची मालिका. भाषांतरकारांस यासाठी दोष देणे अन्याय होईल. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला अंगरखा त्यांनी शक्य तितका नीट घातला आहे. आणि जेथे डोळा व हात मिळून शिकतात तेथे, म्हणजे आज्ञा देण्याच्या कामात, या तुटकपणाने फारसे बिघडतही नाही. पडद्यावर दिसते, बोटे करतात, वाक्य केवळ बोट दाखविते. बिघडते ते कल्पनेच्या ठिकाणी.

उदाहरण म्हणून लिनक्समधील परवानग्या घ्या. प्रत्येक फाइलीवर तीन हक्क : वाचण्याचा, लिहिण्याचा आणि तिसरा तो, ज्यास इंग्रजीत ‘एक्झिक्यूट’ म्हणतात. फाइल एखादा कार्यक्रम असेल तर ‘चालविण्याचा हक्क’ हे भाषांतर यथार्थ आहे. परंतु तोच हक्क डिरेक्टरीवर असतो तेव्हा? डिरेक्टरी कोणी ‘चालवीत’ नाही. आणि शासकीय वळणाने ‘कार्यान्वित’ तर तिला मुळीच करीत नाही. तेथे त्या हक्काचा अर्थ ‘आत शिरण्याची मुभा’ असा आहे. वाचण्याचा हक्क असेल तर आतील नावांची यादी दिसते. शिरण्याचा हक्क नसेल तर यादी दिसूनही वस्तूस हात लावता येत नाही. चाळीच्या दारावरची नावांची पाटी वाचता येणे वेगळे आणि जिना चढू दिला जाणे वेगळे. ७५५ हा आकडा परीक्षेत हमखास येतो : मालकास तिन्ही हक्क, गटास व इतरांस वाचणे आणि तिसरा हक्क. डिरेक्टरीवरील या आकड्याचा अर्थ ‘सर्वांनी पाटी वाचावी, सर्वांनी आत यावे, भिंतीवर मात्र मालकानेच लिहावे’ असा सांगितला तर विद्यार्थी तो विसरणार नाही. एका इंग्रजी शब्दास एक मराठी शब्द, हा कोशाचा नियम झाला, अध्यापनाचा नव्हे.

नेटवर्किंगमध्ये ही अडचण पावलोपावली येते, कारण तो विषयच दिसत नाही. केबल दिसते, पॅकेट दिसत नाही. येथे भाषेनेच डोळ्याचे काम केले पाहिजे, आणि नेमके येथेच मराठी साहित्य तोकडे आहे. पवईच्या संग्रहाचे बळ लिनक्सच्या आज्ञा, संगणकभाषा व कचेरीची साधने यांत आहे. आयपी पत्ता, उपजाल, मार्गनिर्णय यांचा क्रमवार विचार हा त्याचा मुख्य विषय नव्हे. विद्यार्थी मग क्लासमधील मिश्र बोलीकडे वळतो : क्रियापद मराठी, बाकी सर्व इंग्रजी. ‘संज्ञा इंग्रजीच राहणार, मग मराठीचा आग्रह कशाला?’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांस आमचे सांगणे असे की संज्ञा खुशाल इंग्रजी राहोत; अर्थाचा घात होतो तो क्रियापदात.

‘राउटर पॅकेट टाकतो’ हे वाक्य पाहा. इंग्रजीतील ‘ड्रॉप’ या क्रियापदाचे हे सरळ भाषांतर. अभिप्रेत अर्थ असा की राउटरने ते पॅकेट नष्ट होऊ दिले, पुढे पाठविले नाही. पण मराठी मनुष्य पत्र पेटीत ‘टाकतो’ ते पोहोचावे म्हणून. भाजीत मीठ ‘टाकतो’, बँकेत पैसे ‘टाकतो’. ‘टाकणे’ या क्रियापदात आपल्याकडे योग्य स्थळी घालण्याचाही अर्थ आहे. तेव्हा हे वाक्य ऐकणाऱ्या मुलाने पॅकेट पोहोचले असे समजल्यास चूक त्याची नव्हे. ‘टाकून देतो’ म्हटले की संदेह संपतो. एका साहाय्यक क्रियापदाने अर्थ उलटा होतो. तसेच ‘डिफॉल्ट गेटवे’. यास कोणी ‘मूलभूत प्रवेशद्वार’ असे म्हटले, तर त्यात एकही शब्द चुकीचा नाही आणि एकही उपयोगाचा नाही. ‘कोठे पाठवावे हे ठाऊक नसेल तेव्हा ज्याच्या हाती द्यावयाचे तो’ हे लांबलचक वाक्य परीक्षेत लिहावे लागत नाही. परंतु ज्याच्या मनात ते आहे तो प्रश्न चुकत नाही.

उपजालाची कल्पना ही या परीक्षांतील सर्वांत अवघड पायरी समजली जाते. इंग्रजी साहित्यात तिच्यासाठी रस्ता व घरक्रमांक यांचा दृष्टांत वापरण्याचा प्रघात आहे. अमेरिकन वाचकास तो पटतो. उपनगरातील वाचकास, जेथे पत्त्यात ‘अमक्या डेअरीच्या मागे’ असे लिहावे लागते, तेथे तो फारसा उमगत नाही. त्याहून जवळचा दृष्टांत आपल्या रेल्वेत आहे. नकाशात बोरिवली आणि मुलुंड पाहावीत. मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. त्याच्या पश्चिमेस एक, पूर्वेस दुसरे. पक्ष्याच्या उड्डाणाने अंतर थोडे. पण लोकलने जावयाचे तर बोरिवलीकराने पश्चिम मार्गाने दादरपर्यंत खाली उतरावे, पूल ओलांडावा आणि मध्य मार्गाने पुन्हा मुलुंडपर्यंत वर जावे. दोन स्थानके जवळ आहेत की दूर, हे अंतराने ठरत नाही; ती एका मार्गावर आहेत किंवा नाहीत यावर ठरते.

आता १९२.१६८.१०.५० आणि १९२.१६८.१०.७० हे दोन पत्ते घ्या. दिसावयास शेजारी. परंतु जालाची खूण ‘/२६’ अशी असेल तर पत्त्याच्या ३२ द्विमान अंकांपैकी पहिले २६ मार्गाचे आणि उरलेले सहा स्थानकाचे. सहा अंकांत ६४ पत्ते बसतात. म्हणून ० ते ६३ हा एक मार्ग, ६४ ते १२७ हा दुसरा. पन्नासावा पहिल्या मार्गावर, सत्तरावा दुसऱ्या. त्यांची गाठ दादरलाच, म्हणजे राउटरपाशीच पडणार. चौसष्टांपैकी पहिला पत्ता हे त्या मार्गाचेच नाव आणि शेवटचा त्या मार्गावरील सर्वांस एकाच वेळी हाक मारण्यासाठी राखलेला. म्हणून यंत्रांस देता येतात ते ६२. दृष्टांताची मर्यादाही सांगितली पाहिजे : प्रवाशास आपला सारा मार्ग ठाऊक असतो, पॅकेटास नसतो, त्यास प्रत्येक जंक्शनवर विचारावे लागते. ही मर्यादा सांगितली म्हणजे राउटरच्या मार्गसूचीचा पुढला पाठ आपोआप सुरू होतो. मूळ मराठीत रचलेला पाठ आणि मराठीत आणलेला पाठ यांतील अंतर आम्हांस येथे दिसते. दादरचा पूल कोणत्याही इंग्रजी संहितेत नसणार, आणि संहितेच्या वेळेत तो बसणारही नाही.

याविरुद्ध एक आक्षेप वजनदार आहे. शेवटी परीक्षा इंग्रजीत, यंत्राची चूकसूचना इंग्रजीत, लिनक्समधील मदतीची पानेही इंग्रजीत. मग मराठीतून शिकून विद्यार्थ्याचा एक टप्पा वाढतोच ना? होय, वाढतो. आम्ही तर पुढे जाऊन असे म्हणू की कॉम्पटियाच्या प्रश्नांतील इंग्रजीचा स्वतंत्र अभ्यास करविला पाहिजे. त्या प्रश्नांत ‘सर्वांत संभाव्य कारण कोणते’, ‘प्रथम काय कराल’ अशी रचना असते. चारही पर्याय बरोबर असून एकच अधिक बरोबर असतो, आणि सर्व भार त्या एका विशेषणावर किंवा क्रियाविशेषणावर पडतो. विषय येणारा विद्यार्थी येथे भाषेपायी नापास होतो. परंतु समजणे आणि उत्तर देणे या दोन क्रिया आहेत; दुसरी परभाषेत करावयाची म्हणून पहिलीही परभाषेतच करावी, हा तर्क बरोबर नाही. मुंबईत १८२३ साली स्थापन झालेल्या एंजिनिअर इन्स्टिट्यूशनमध्ये कॅप्टन जॉर्ज जर्विस यांनी गणिताची इंग्रजी पुस्तके मराठीत आणवून मोजणी व बांधकामाच्या कामाकरिता तरुण तयार केले. तीही प्राथमिक तांत्रिक नोकरीचीच विद्या होती, कामाचा वरचा कारभार तेव्हाही इंग्रजीतच चाले. आणि तेथे मराठीने दगा दिला असे कोणी नोंदविलेले नाही.

राज्याच्या स्थापनेबरोबर १९६० साली भाषा संचालनालय निघाले, १९६६ साली मराठी विज्ञान परिषद निघाली. परिभाषेचे व विज्ञानप्रसाराचे मोठे काम झाले. परिभाषा कोशांचा आदर राखूनही म्हणावेसे वाटते की त्या पिढीने नामावर जितके कष्ट घेतले तितके वाक्यावर घेतले नाहीत. त्याची किंमत आज अभ्यासिकेतील मुलगा मोजतो.

साधन हाताशी नाही असेही नव्हे. इंटरनेटचे नियम ज्या टिपणांत लिहिले गेले, आणि ज्यांतील पहिले टिपण स्टीव्ह क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये लिहिले, ती ‘आरएफसी’ मालिका कोणासही विनामूल्य वाचता येते. इतकेच नव्हे, तर इंग्रजीव्यतिरिक्त अन्य भाषांत ती आणण्याची मुभा तिच्या अटींतच नमूद आहे. आयपीचे टिपण ७९१ क्रमांकाचे, सप्टेंबर १९८१ चे. उपजालाचे ९५० क्रमांकाचे, ऑगस्ट १९८५ चे. खासगी पत्त्यांचे १९१८ क्रमांकाचे, फेब्रुवारी १९९६ चे. परीक्षेसाठी लिहिलेल्या कोणत्याही पुस्तकाहून यांची भाषा साधी आहे, कारण ती लिहिणाऱ्यांस कोणास उत्तीर्ण करावयाचे नव्हते, एकमेकांस पटवून द्यावयाचे होते.

यांपैकी ९५० क्रमांकाचे टिपण मराठीत आणण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखकाने आरंभिला आहे. पहिली अडचण ‘मास्क’ या शब्दाशीच आली. ‘मुखवटा’ म्हणावे तर तो ओळख लपवितो, आणि येथे तर पत्त्याची ओळख पटवावयाची आहे. शिंपी कापडावर ठेवतो तो कागदी नमुना, रांगोळीचा छाप, किंवा पत्रिकेवर ठेवून फक्त हवे ते अंक दिसू देणारी खिडकी पाडलेली पट्टी, यांपैकी शेवटची कल्पना अर्थाच्या सर्वांत जवळची : पत्त्यावर ठेवावी, मार्गाचे अंक दिसावेत, स्थानकाचे झाकले जावेत. तिला नुसते ‘पट्टी’ म्हणावे की ‘मास्क’च ठेवून ही पट्टी स्पष्टीकरणात द्यावी, याचा निर्णय अद्याप झालेला नाही. ‘/२६ ची पट्टी लाव’ हे वाक्य अंधेरीतील एखाद्या रात्रपाळीच्या खोलीत कानाला खटकते किंवा नाही, ते तेथे जाऊन ऐकले पाहिजे.